सांध्यांची वेल

मामींनी तो तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला होता. वीतभर लांब, चार धारांचा, मध्ये दोन ठिकाणी दोऱ्याने आवळल्यासारखा. "लगेच लावू नकोस," त्यांनी बजावलं. "दोन दिवस सावलीत पडू दे. कापलेलं तोंड सुकलं की मग माती." मामी कुंभकोणमच्या, मी सोलापूरकडची. बंगळूरच्या सर्जापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत समोरासमोर राहतो आणि हिंदी, कन्नड, हातवारे असं जमेल त्यातून बोलतो. तुकडा मी रंगाच्या रिकाम्या डब्यात खोचला. दोन पावसाळ्यांनंतर आता ती वेल गॅलरीच्या कठड्यावरून खालच्या मजल्यापर्यंत लोंबते आहे.

दिवाळीला आई मंगळवेढ्याहून आली. पिशव्या खाली ठेवायच्या आधीच तिचं लक्ष कठड्याकडे गेलं. "अगं, ही तर कांडवेल! आपल्या बांधावर बाभळीवर चढलेली असायची. बैलाचा पाय दुखावला की तुझे आजोबा हीच ठेचून बांधायचे." मामींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ही पिरंडै, हिची चटणी करतात. भाजीच्या गाडीवरच्या बाईंनी मंगरवळ्ळी म्हटलं. खालच्या इस्त्रीवाल्यांच्या घरी तेलुगू बोलतात, त्यांच्याकडे ती नल्लेरु. इब्लूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र करत हा रस्ता सर्जापूरला पोचतो, आणि तिथून बागलूरच्या बाजूला तमिळनाडूची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. तीन भाषा इथे पूर्वीपासून शेजारी नांदतात, आम्ही बाकीचे नंतर आलो. एका वेलीने ते सगळं माझ्या गॅलरीत गोळा केलं.

वनस्पतिशास्त्रात हिचं नाव सिस्सस क्वॉड्रँग्युलॅरिस, म्हणजे चौकोनी कांडाची सिस्सस. कुळ द्राक्षाचं. पहिल्यांदा ऐकताना खरं वाटत नाही, कारण रूप पाहून कुणालाही निवडुंगच आठवतो. पण तासगावच्या किंवा नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला पेरापाशी बोट ठेवून दाखवा, तो लगेच ओळखेल: एका बाजूला पान, त्याच्या बरोबर समोरून निघालेला ताणा. द्राक्षवेलीची हीच खूण. पुढे बारीक हिरवट फुलांचे झुबके येतात आणि मग वाटाण्याएवढी लाल फळं. ती द्राक्षासारखी दिसली तरी तोंडात टाकायची नाहीत, प्रचंड खाजतात. एकेक कांडं साधारण बोटाएवढं लांब, मांसल, चारही कडांना पंखासारखी धार. जिथे सांधा तिथे मूळ फुटू शकतं, म्हणून जमिनीवर सोडली तर ती सरपटत जाते आणि टेकेल तिथे रुजते. तेलुगूत अगदी सोप्या कामाला नल्लेरुवरून गाडी गेल्यासारखं म्हणतात. वाटेवर पसरलेली ती रसाळ कांडी बैलगाडीच्या चाकाखाली किती सहज चिरडत असतील, ते त्या एका म्हणीत दिसतं.

ही वेल बघणाऱ्या प्रत्येकाला सांधेच आधी दिसले असावेत, कारण बरीच नावं त्यावरूनच आहेत. आपल्याकडे कांडवेल, हाडसांधी. हिंदीत हडजोड. कन्नडमध्ये मंगरवळ्ळीखेरीज संदुबळ्ळी, म्हणजे सांध्यांची वेल. मल्याळममध्ये चंगलंपरंड, त्यातला चंगल म्हणजे साखळी, आणि संस्कृतात अस्थिशृंखला म्हणजे हाडांची साखळीच. थायलंडमध्ये हिला फेत् सांखात म्हणतात. तो उच्चार परका वाटला तरी शब्द आपलेच, वज्र आणि संघात. संस्कृतातलं वज्रवल्ली हे नावही त्याच जातीचं.

पण मला सगळ्यांत आवडतं ते अस्थिसंहार. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दचकले होते. हाडं जोडणाऱ्या वेलीला हाडांचा नाश करणारी का म्हणावं? उत्तर त्या शब्दातच आहे. 'सं' आणि 'हृ', म्हणजे एकत्र आणणं, गोळा करणं, आवरून घेणं. नाश हा अर्थ मराठीत पुढे येऊन बसला. भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकात द्रौपदीचे मोकळे केस अखेर बांधले जातात, तो संहार म्हणजे वेणी घालणं. तसाच हा हाडांचा संहार, सुटलेली टोकं परत एकत्र आणणारा.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत ही वेल भग्नाच्या, म्हणजे मोडलेल्या हाडांच्या उपचारात भेटते. अकराव्या शतकातल्या चक्रपाणिदत्ताच्या संग्रहात लाक्षा गुग्गुळ आहे. लाख, अस्थिसंहार, अर्जुनसाल, अश्वगंधा, नागबला आणि गुग्गुळ असे त्याचे घटक, आणि हे औषध आजही आयुर्वेदिक दुकानात मिळतं. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात मात्र मला वेगळीच गंमत सापडली. तिथे ही वेल उष्ण, वातकफ कमी करणारी, हाड सांधणारी म्हणून वर्णिलेली आहेच, पण सोबत एक पाककृतीही आहे. कांडाची साल काढायची, सालविरहित डाळीबरोबर वाटायचं आणि तिळाच्या तेलात वडे तळायचे. वातावर उत्तम, असं ग्रंथकार सांगतो. साल काढणं, डाळ, तिळाचं तेल या तिन्ही गोष्टी मामींच्या स्वयंपाकघरात मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांनी भावप्रकाश वाचलेला नाही, त्यांच्या आजीने वाचला असण्याची शक्यताही नाही.

आपल्या बाजूचा एक दुवाही इथे सांगायला हवा. मुंबईचे डॉक्टर आणि वनस्पतिअभ्यासक कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी बी. डी. बसूंबरोबर 'इंडियन मेडिसिनल प्लँट्स' हा मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो १९१८ साली छापून आला तेव्हा कीर्तिकर हयात नव्हते. त्यात या वेलीचे लोकांमधले उपयोग नोंदलेले आहेत: कान वाहत असेल तर कांडाचा रस कानात, घोळणा फुटला तर नाकात, भूक मंदावली तर वाळवलेल्या कोंबांची पूड. हे तेव्हाच्या लोकव्यवहाराचं टिपण आहे. आज कान वाहणाऱ्या मुलाच्या कानात असा रस घालू नये. पडद्याला भोक असेल तर तो थेट आत उतरेल.

आता या वेलीच्या जगण्याविषयी. मे महिन्यात मी पंधरा दिवस गावी होते, डब्याला कुणी पाणी घातलं नाही. परत आले तेव्हा पानं सगळी गळलेली, पण कांडी हिरवीगार, जरा सुरकुतलेली इतकंच. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात. छिद्रं उघडली की पाणीही वाफ होऊन जातं. कांडवेलीचं कांड हे काम रात्री करतं. गारव्यात छिद्रं उघडायची, मिळालेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा, उजाडलं की दारं बंद करून त्या साठ्यावर उन्हात अन्न तयार करायचं. हिच्या पानांची रीत मात्र साध्या झाडासारखी, पाणी उधळणारी. म्हणून पाऊसपाणी असताना पानं धरायची आणि टंचाई आली की टाकून द्यायची. एकाच वेलीत दोन तऱ्हेचे संसार आहेत, हे १९८०च्या दशकात प्रयोगशाळेत मोजून दाखवलं गेलं.

रात्री आम्ल साठवण्याच्या या रीतीचा शोध बंगळूरशी ओळख असलेल्या एका माणसाच्या जिभेला लागला. बेंजामिन हाइन हा ईस्ट इंडिया कंपनीचा वनस्पतिशास्त्रज्ञ. १७९९ साली टिपू सुलतान पडल्यावर लालबाग त्याच्या देखरेखीखाली आली. पुढे १८१५ साली लंडनच्या लिनिअन सोसायटीच्या अंकात त्याचं एक पत्र छापलं गेलं. पानफुटीचं पान सकाळी चावून पाहिलं तर आंबट लागतं, दुपारपर्यंत ती चव उरत नाही, संध्याकाळी किंचित कडवट, असं त्याने लिहिलं होतं. त्या आंबटपणामागचं रसायन कळायला पुढे शंभराहून जास्त वर्षं गेली. पानफुटी तुमच्याकडे असेल तर हा अनुभव जरूर घ्या. कांडवेलीवर मात्र करू नका, ती कच्ची चाखायची वस्तूच नाही.

का, ते मी पहिल्याच वर्षी शिकले. मामींकडे चटणी खाल्ली, आवडली, आणि त्यांना न विचारता घरी करायला घेतली. कांडी धुतली, चिरली, कोथिंबिरीच्या चटणीसारखी कच्चीच मिक्सरला लावली. बोटांच्या बेचक्यांत आग सुरू झाली तेव्हा मला वाटलं मिरची लागली असेल. एक घास खाल्ला आणि जीभ, टाळू, घसा, सगळीकडे काटे रुतल्यासारखं झालं. ते काटेच असतात. या वेलीच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुड्या बांधून ठेवलेले असतात, गुरांनी आणि किड्यांनी दूर राहावं म्हणून. अळू खाजतं ते याच स्फटिकांमुळे. अळूला चिंच किंवा आमसूल लागतं हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण ते ज्ञान इथे लावायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामींनी मला समोर उभं केलं आणि पहिल्यापासून दाखवलं. आधी दोन्ही हातांना तिळाचं तेल, बोटांच्या मधेसुद्धा. मग वेलीच्या शेंड्याकडची दोन-तीन कोवळी कांडी, नखाने दाबली तर सहज रुतावं इतकी कोवळी. त्याखालची नाहीत. सांध्यावर वाकवली की टक् आवाज होऊन ती तुटतात. सांध्याचा गाठीचा भाग, पान आणि ताणे काढून टाकायचे. मग शेवग्याच्या शेंगेच्या शिरा काढतो तशा चारही धारा सुरीने ओढून काढायच्या, जास्तीत जास्त दोरा आणि खाज तिथेच असते. बारीक तुकडे करून लोखंडी कढईत सढळ तेलात मंद आचेवर परतायचे, पोपटी रंग जाऊन शेवाळी, मग तपकिरीकडे झुकेपर्यंत. इथे घाई केली तर सगळं वाया. त्याच तेलात उडदाची डाळ, सुक्या मिरच्या, हिंग. थोडं ओलं खोबरं, मीठ, बोराएवढा गूळ आणि लिंबाएवढी चिंच. चिंचेत काटकसर नाही. गार झालं की जाडसर वाटायचं. गरम भातावर तिळाचं तेल आणि ही चटणी. चव किंचित तुरट, किंचित रानटी. आई म्हणाली, "कारळ्याच्या चटणीच्या शेजारी बसेल ही." तिने भाकरीशी खाल्ली, आणि तीच जोडी मलाही आता जास्त आवडते.

कन्नड घरांत याच कोंबांची ताकातली तंबुळी होते. तमिळनाडूत पिरंडैचा रस घालून पापड लाटतात. आणि श्राद्धाच्या स्वयंपाकात तर हिला मोठाच मान आहे. मामींनी सांगितलेली गोष्ट अशी: ऋषी जेवायला येणार, आणि मागणी एक हजार आठ भाज्यांची. घरच्या बाईने पानावर कारलं, पिरंडै, फणस आणि आणखी आठ भाज्या वाढल्या. कारलं शंभर भाज्यांच्या बरोबरीचं, पिरंडै तीनशे, फणस सहाशे, वर आठ, झाली बेरीज. अजूनही त्यांच्याकडे श्राद्धाला ही चटणी हवीच. म्हणूनच शहरात आठव्या मजल्यावर राहणारी माणसंसुद्धा हिची एक कुंडी ठेवतात, आणि ज्याच्याकडे नसेल तो शेजारी मागायला येतो. औषधाच्या नावाने ही वेल जितकी टिकली असेल, त्याहून जास्त या पानावरच्या मानाने टिकली, असं मला वाटतं.

मग हाड जोडतं का? हा प्रश्न मला आईमुळे गंभीरपणे घ्यावा लागला. तिला ऑस्टिओपोरोसिसच्या गोळ्या चालू आहेत, आणि वेल पाहिल्यापासून तिच्या मनात रस काढून प्यायचं होतं.

या प्रश्नाला आधुनिक पद्धतीने पहिला हात घातला तो बनारस हिंदू विश्वविद्यालयातल्या डॉ. के. एन. उडुपा आणि डॉ. जी. सी. प्रसाद यांनी. उडुपा शल्यचिकित्सक, मूळचे कर्नाटकातले. आयुर्वेदाच्या स्थितीचा आढावा घेणारी १९५०च्या दशकातली सरकारी समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९६३-६४च्या सुमारास त्यांचे निबंध इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये आले. हाड मोडलेल्या प्राण्यांना कांडवेलीचा अर्क देऊन, किरणोत्सारी कॅल्शियमच्या मदतीने नवं हाड किती वेगाने भरतं ते त्यांनी पाहिलं. अर्क दिलेल्या प्राण्यांत सांधा लवकर भरत होता. पुढे अनेक प्रयोगशाळांत हाड घडवणाऱ्या पेशींवर अर्काचा अनुकूल परिणाम दिसला. माणसांवर जबड्याच्या मोडलेल्या हाडासारख्या बाबतीत काही अभ्यास झाले, कल चांगला दिसला, पण गट लहान. म्हणजे जुन्या वैद्यांना काहीतरी खरं दिसलं होतं, हे मानायला आधार आहे. किती मात्रा, किती दिवस, कोणाला, याचं पक्कं उत्तर देण्याइतका तो आधार अजून भक्कम नाही. थायलंडमध्ये ही वेल मूळव्याधीवर घेतात. तिथे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ही वेल, नेहमीचं औषध आणि नुसती खोटी गोळी यांत फरक आढळला नाही. लोकांचा विश्वास कितीही जुना असला तरी प्रत्येक उपयोग वेगळा तपासावा लागतो, हे या दोन उदाहरणांवरून मला पटलं.

एक गैरसमज विशेष पसरलेला आहे: हिच्यात भरपूर कॅल्शियम, म्हणून हाडं मजबूत. कॅल्शियम आहे, पण त्यातलं बरंचसं त्याच खाजऱ्या ऑक्झलेटमध्ये अडकलेलं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून अंगी फारसं लागत नाही. हाडांवरचा परिणाम असेल तर तो वेलीतल्या इतर द्रव्यांचा असावा, आणि कॅल्शियमसाठी नाचणी नि दूधच बरं. मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी तर या ऑक्झलेटमुळे चटणीही जपूनच खावी. गरोदरपणी आयुर्वेदही ही उष्ण वेल टाळायला सांगतो.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. मोडलेलं हाड भरून येतं ते शरीर स्वतः भरतं: आधी रक्ताची गाठ, मग मऊ सांधा, मग त्याचं कठीण हाड, आणि शेवटी महिनोन्‌महिने चाललेली डागडुजी. मनगटासारख्या ठिकाणी पहिल्या सहा-एक आठवड्यांत पुरेशी पकड येते. पण दोन टोकं समोरासमोर नीट बसवलेली नसतील तर हाड वाकडं जुळतं, आणि जगातली कुठलीही वेल ते सरळ करत नाही. बंगळूरभर 'पुत्तूर कट्टु'च्या पाट्या दिसतात. आंध्रातल्या पुत्तूरची ती हाडं बसवायची परंपरा, पाल्याचा लेप आणि बांबूच्या कामट्या बांधण्याची. तिथे हाताला असलेली जाण मी कमी लेखत नाही. तरीही कुठेही बांधून घ्या, आधी एक्स-रे हवा, आणि बांधल्यानंतर बोटं निळी पडली, बधिर झाली तर क्षणभर न थांबता पट्टी सोडून रुग्णालय गाठायला हवं. रक्तपुरवठा तुटला तर हात जाऊ शकतो.

वेल ओळखण्यातही चूक होते. निवडुंगाच्या नावाने आपण ज्यांना हाक मारतो त्या युफोर्बिया वर्गातली धारांची झुडपं लांबून अशीच दिसतात. तुकडा मोडून पाहावा. पांढरा चीक आला तर ती कांडवेल नव्हे, आणि तो चीक डोळ्यांत गेला तर फार वाईट. कांडवेलीचा रस पाण्यासारखा नितळ, जरा चिकट. माळावरची माकडशिंगीही चौधारी असते, पण ती बुटकी, तिला ताणे नसतात आणि ती चढत नाही.

बंगळूरच्या उत्तरेला येलहंकाजवळ १९९३ साली सुरू झालेल्या एफआरएलएचटी या संस्थेने वैदूंचं ज्ञान नोंदवण्याचं आणि घराघरात औषधी झाडांची छोटी बाग लावण्याचं मोठं काम केलं. बाग लावायला रोप पुरतं. पण माझा अनुभव असा, की रोपासोबत ते हाताळायची रीतही मिळायला हवी. मामींकडून तुकडा मिळाला तेव्हा मला फक्त लावायची रीत मिळाली होती. खायची मिळाली ती घसा सुजल्यावर.

आईच्या डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या, रसाला नाही म्हटलं, आणि आठवड्यातून एकदा चटणीला हरकत घेतली नाही. तेवढ्यावर ती खूश आहे. परत जायच्या आदल्या दिवशी तिने सोसायटीतल्या मराठी मंडळातल्या एका मुलीला कांडवेल द्यायला घेतली. तीन सांध्यांचा तुकडा निवडला, वर कुठलं टोक ते कळावं म्हणून त्याला लाल दोरा बांधला. वर्तमानपत्रात गुंडाळताना ती मुलीला सांगत होती, "दोन दिवस सावलीत ठेव. शेंडा निघाला की तोडायला घाई करू नकोस, सहा महिने वाढू दे. आणि पहिल्यांदा करशील तेव्हा आधी हाताला तेल लाव. बोटांच्या मधेसुद्धा." मुलगी हो म्हणून निघाली होती. आईने तिला दारातून परत बोलावलं आणि चिंच किती घालायची ते मुठीने दाखवलं.